सेशनमधली मोजमापं: पीएचक्यू-९, रॅपो आणि आकड्यांवर भिस्त किती ठेवायची?

निशिगंध

समुपदेशन केंद्रं, कॉलेजं, संस्था, सगळीकडे आता पहिल्या भेटीत पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली) भरून घेतात, शेवटच्या भेटीत पुन्हा भरून घेतात आणि दोन आकड्यांची वजाबाकी अहवालात जाते. मोजायला सुरुवात झाली हे फार चांगलं झालं. पण थर्मामीटर काखेत लावला की पारा आपोआप चढतो, तसं इथे होत नाही. हा आकडा विचारणारा आणि सांगणारा या दोघांमध्ये तयार होतो. विचारण्यात गडबड झाली तर पुढचं सगळं गणित वाया. म्हणून हा धागा.

आधी साधनाबद्दल. क्रोएन्की, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये पीएचक्यू-९ चा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या पायऱ्या: सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र. मराठी भाषांतर मोफत मिळतं. खाली एक दहावा प्रश्न असतो, या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय असा. त्याला गुण नाहीत, म्हणून फोटोकॉपी काढताना तो बऱ्याचदा गाळला जातो. गाळू नका. १२ गुण असून रोज शेतावर जाणारी बाई आणि १२ गुण असून आठ दिवस आंघोळ न केलेला मुलगा यांच्यातला फरक त्या एका ओळीतच दिसतो.

आता विचारताना काय चुकतं ते.

"गेल्या दोन आठवड्यांत" असं वाचून दाखवलं की उत्तर येतं ते "हल्ली" या अर्थाने. हल्ली म्हणजे दोन दिवसही असतात आणि दोन वर्षंही. खूण पक्की करून द्यावी लागते: "मागच्या एकादशीपासून आजच्या एकादशीपर्यंत", "मागचे दोन बाजार झाले तेवढ्यात". गावात आठवडी बाजाराचा हिशोब चटकन बसतो.

दुसरी अडचण पर्यायांची. "काही दिवस" आणि "निम्म्याहून जास्त दिवस" यातला फरक छापील कागदावर स्पष्ट असतो, बोलताना नाही. "होतं हो बरेचदा" याला १ द्यायचा की २? आधी "असं होतं का?" विचारा, मग "पंधरातले किती दिवस?" असं विचारा. दिवसांवरून गुण द्यायचे तर ०-१ दिवस = ०, २-६ = १, ७-११ = २, १२-१४ = ३ ही विभागणी वापरात आहे. ठरवलीत तर सगळ्यांना तीच लावा.

तिसरी अडचण जोडप्रश्नांची. झोप कमी की जास्त, भूक कमी की जास्त, हालचाल मंदावली की अस्वस्थपणा वाढला. दोन्ही अर्धे वेगवेगळे विचारा, जो जास्त असेल त्याचे गुण द्या आणि समासात कोणता अर्धा ते लिहा. श्रावणात तर भुकेच्या प्रश्नाला हमखास फाटा फुटतो. "जेवत नाही फारशी" म्हणजे उपास की भूक मेलीय? "उपास सोडताना जेवावंसं वाटतं का?" एवढं विचारलं की उलगडतं.

---

कोरा_कागद

पूर्ण सहमत, पण एक धोक्याची सूचना. प्रश्न आपल्या बोलीत फिरवून विचारायची सवय लागली की चार समुपदेशक चार वेगवेगळे फॉर्म चालवत असतात. "रस किंवा आनंद वाटत नाही" हे पुस्तकी वाटतं म्हणून एक जण "करमत नाही का?" विचारतो, दुसरा "कंटाळा येतो का?" विचारतो. कंटाळा आणि करमत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातलं माणूस परगावी गेलं तरी करमत नाही.

उपाय असा: छापलेला प्रश्न आहे तसा एकदा वाचायचा. समजला नाही तर आधीच ठरवलेला एकच खुलासा द्यायचा, उदाहरणार्थ "एरवी आवडीनं करायचात ती कामं आता करावीशी वाटतात का?". असे नऊ प्रश्नांचे नऊ खुलासे एका पानावर टाइप करून प्रत्येकाच्या पॅडला लावा. खुलासा द्यावा लागला तर प्रश्नाच्या शेजारी 'खु' लिहा. महिनाभरात कोणता प्रश्न लोकांना कळत नाही ते आपोआप समजतं.

---

आकडेमोड

विचारणं नीट झालं असं धरून पुढचं गणित मांडतो. अहवालांमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

१० हा कटऑफ (इथून पुढे नैराश्याची शक्यता धरायची ती रेषा) धरला तर २००१ च्या मूळ अभ्यासात सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती सापडतात) ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटीही (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले जातात) ८८ टक्के होती. ऐकायला छान. आता एका कॉलेजातल्या १००० मुलांना फॉर्म दिला आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर नैराश्य आहे असं धरू. १०० पैकी ८८ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ मुलं, आजार नसताना १० किंवा त्याहून वर जातील. फॉर्मने बोट दाखवलेली एकूण मुलं १९६, त्यात खरी ८८. म्हणजे ४५ टक्के. बोट दाखवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांच्या बाबतीत फॉर्म चुकला, आणि तरीही त्याची सेन्सिटिव्हिटी ८८ टक्केच आहे.

म्हणून "आमच्या १९६ विद्यार्थ्यांना डिप्रेशन आहे" असं वाक्य कुठेही लिहू नका. "१९६ विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलण्याची गरज दिसली" असं लिहा. निदान मुलाखतीतून होतं. फॉर्म फक्त मुलाखत कोणाची घ्यायची ते सुचवतो.

दुसरा मुद्दा वजाबाकीचा. १६ चे १३ झाले, सुधारणा झाली का? जेकबसन आणि ट्रुआक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेला रिलायबल चेंज इंडेक्स (फरक मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठा आहे का ते सांगणारा हिशोब) यासाठीच आहे. तुमच्या गटाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत) ६ आणि फॉर्मची विश्वसनीयता (पुन्हा भरला तर तसाच आकडा येण्याची खात्री, १ म्हणजे पूर्ण) ०.८४ धरू. १ मधून ०.८४ वजा, ०.१६. वर्गमूळ ०.४. गुणिले ६, म्हणजे २.४. ही एका मोजणीतली चूक. दोन मोजण्या आहेत म्हणून २ चं वर्गमूळ, १.४१ ने गुणा: ३.४. त्याला १.९६ ने (९५ टक्के खात्रीसाठी) गुणलं की ६.६ च्या आसपास येतं. म्हणजे या गटात ७ गुणांपेक्षा कमी फरक पडला तर तो फॉर्मच्या डुगडुगण्यातूनही आलेला असू शकतो. १६ चे १३ हा बदल म्हणून मोजायचा नाही. १६ चे ८ झाले तर फरकही खरा आणि कटऑफही ओलांडला.

---

शिकाऊ

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून विचारते. दहामागे पाच-सहा चुकत असतील आणि तीन गुणांच्या फरकाला अर्थ नसेल, तर सरळ बोलूनच का अंदाज घेऊ नये? अनुभवी माणसाला समोरच्याकडे बघून कळतंच ना?

---

आकडेमोड

@शिकाऊ, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याची थेट तपासणी झालेली आहे. अमेरिकेत मायकल लँबर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या थेरपिस्टना विचारलं की तुमच्या क्लायंटपैकी कोणाची तब्येत उपचारात असतानाही खालावेल. ५५० क्लायंट होते. थेरपिस्टनी ३ जणांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जण खालावले, आणि त्या तीन नावांतलं एकच बरोबर निघालं. थेरपिस्ट निष्काळजी नव्हते. ज्याच्यासाठी आपण मनापासून झटतोय त्याचं बिघडतंय हे दिसायला फार अवघड जातं. दर सेशनला भरलेला फॉर्म तेवढं एक काम इमानाने करतो: आलेख वर चढला की दाखवतो.

---

मांडवीकाठ

आपल्या भागातलाच एक अभ्यास इथे अगदी चपखल बसतो. गोव्यात संगाथ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅमची चाचणी केली, निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, १८ ते ६५ वयाचे, सगळ्यांचा पीएचक्यू-९ १४ च्या वर. उपचार कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी यांतल्या रुग्णाच्या भाषेत. देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण देऊन तयार केलेले समाजातले समुपदेशक होते.

पद्धत बिहेवियरल ॲक्टिव्हेशनची, ६ ते ८ सेशन, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाचं. तत्त्व सोपं: मन उदास म्हणून माणूस कामं सोडतो, कामं सुटली म्हणून मन आणखी उदास. समुपदेशक हे चक्र रुग्णाच्याच आठवड्यातल्या उदाहरणांवरून कागदावर काढून दाखवतो, मग दिवसाची कामं आणि त्या वेळची मनःस्थिती यांची नोंद, मग एखादं छोटं ठरलेलं काम. "फिरायला जा" हा सल्ला झाला. "मंगळवारी आणि गुरुवारी, पोरं शाळेत गेल्यावर, विहिरीपर्यंत जाऊन यायचं, निघायच्या आधी आणि आल्यावर मन कसं होतं ते पानावर लिहायचं" हे ॲक्टिव्हेशन. काम ठरवताना दिवस, वेळ आणि आड काय येईल हे तिन्ही विचारलं नाही, तर पुढच्या सेशनला हमखास "जमलं नाही" ऐकू येतं. आणि जमलं नाही म्हणून रुग्ण लाजून पुढचं सेशनच चुकवतो.

तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ १० च्या खाली आलेले: कार्यक्रम मिळालेल्यांत ६४ टक्के, नुसती सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. फरक २५ टक्क्यांचा, म्हणजे दर चार रुग्णांमागे एक जण जादा बरा.

तो ३९ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. विशेष समुपदेशन न मिळताही इतके जण उतरले, कारण १४ च्या वरचेच निवडले की माणसं त्यांच्या सर्वांत वाईट पंधरवड्यात पकडली जातात. त्यातल्या बऱ्याच जणांचा पुढचा आकडा तसाही खाली येतो. ज्या संस्थेकडे तुलनेचा गट नाही तिने "६४ टक्के आमच्यामुळे बरे झाले" असं म्हणणं चूक आहे.

---

ताम्हण

आता शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. "रॅपो चांगला आहे" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य, आणि सुपरव्हिजनमध्ये (समुपदेशकांच्या कामाची ज्येष्ठांसोबत तपासणी) ते ऐकून फार काळजी वाटते. रॅपो म्हणजे गप्पा जमल्या, ओढ वाटली. संशोधनात जे मोजतात ती अलायन्स, आणि ती त्याहून मोठी आहे.

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये तिचे तीन भाग सांगितले. एक, ध्येय: आपण कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत. दोन, काम: त्यासाठी सेशनमध्ये आणि घरी जे करतोय ते उपयोगाचं आहे असं दोघांना वाटणं. तीन, बंध: विश्वास, आपुलकी. रॅपो म्हणजे फार तर तिसरा भाग. होर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये याच तीन भागांवर ३६ प्रश्नांची वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी केली. पुढे १२ प्रश्नांच्या छोट्या आवृत्त्या आल्या.

बंध घट्ट आणि ध्येय वेगळं, हे चित्र आपल्याकडे फार दिसतं. आई मुलीला घेऊन येते. आईचं ध्येय "हिने लग्नाला हो म्हणावं", मुलीचं "रात्री झोप लागावी", समुपदेशकाच्या फाइलीत "आत्मसन्मान वाढवणे". तिघंही एकमेकांशी गोड बोलतात, सहा सेशन होतात, काहीही हलत नाही. दुसऱ्या सेशनच्या आत मुलीला एकटीला विचारा: "इथे येऊन काय बदललं तर तुला वाटेल की यायचा उपयोग झाला?" तिचं उत्तर तिच्याच शब्दांत फाइलीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर तीन सेशनला तिला वाचून दाखवा.

फ्ल्युकिगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिलं: अलायन्स आणि परिणाम यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२७८. पद्धत कोणतीही असो, साधारण तेवढाच.

---

आकडेमोड

०.२७८ चा वर्ग केला की सुमारे ०.०८. म्हणजे क्लायंट-क्लायंटच्या परिणामांतल्या फरकापैकी ८ टक्के अलायन्सशी जोडता येतो. मानसोपचारात एका घटकाला इतकं मिळणं ही मोठी गोष्ट आहे, पण "सगळं नात्यावरच असतं" हे यातून निघत नाही.

आणि दिशा कोणती? बरं वाटायला लागलं म्हणून थेरपिस्ट आवडायला लागला, असंही असू शकतं. म्हणून अलायन्स तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आसपास मोजावी आणि तोवर लक्षणांत किती फरक पडला ते हिशोबात धरावं. फक्त शेवटच्या सेशनला मोजलेली अलायन्स म्हणजे समाधानाचा अभिप्राय.

बाल्डविन, वॅम्पोल्ड आणि इमेल यांचा २००७ चा अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ८० थेरपिस्ट, ३३१ क्लायंट. काही थेरपिस्टची अलायन्स त्यांच्या सगळ्याच क्लायंटशी सरासरी चांगली होती आणि त्यांचे परिणामही चांगले होते. पण एकाच थेरपिस्टच्या क्लायंटमध्ये कोणाशी जास्त जमलं, कोणाशी कमी, याने परिणाम सांगता आला नाही. "हा क्लायंटच अवघड आहे" म्हणण्याआधी आपली सरासरी बघावी लागते.

---

शिकाऊ

अलायन्सचा फॉर्म भरून घेतला तर सगळे पूर्ण गुण देतात. ताईंना कमी गुण कसे द्यायचे, असं तोंडावरच म्हणतात. मग मोजून काय मिळणार?

---

कोरा_कागद

@शिकाऊ, आधी कागदाबद्दल सांगतो. सेशन रेटिंग स्केल नावाचं छोटं साधन आहे. चार आडव्या रेघा, प्रत्येक १० सेंटिमीटरची: नातं, ध्येय आणि विषय, पद्धत, एकूण. क्लायंट रेघेवर खूण करतो, डावीकडून पट्टीने मोजायचं, चारांची बेरीज ४० पैकी. ३६ च्या खाली आली तर त्याच दिवशी बोलायचं.

इथे छपाई घात करते. पीडीएफ ए-४ वर छापताना प्रिंटरवर "फिट टू पेज" निवडलेलं असतं, रेघ आखडून ९.६ सेंटिमीटरची होते. चारही रेघांना अगदी टोकाला खूण केली तरी बेरीज ३८.४. थोडं आत केली की ३६ च्या खाली, आणि कारण नसताना धोक्याची घंटा. त्या प्रतीची फोटोकॉपी काढली की रेघ आणखी बदलू शकते. "ॲक्चुअल साइझ" निवडून छापा, गठ्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कागदाला पट्टी लावा. फोनच्या स्क्रीनवर वापरायचं असेल तर सेंटिमीटर विसरा, टक्केवारी घ्या.

फॉर्म समुपदेशकाने हातात घेऊच नये. बाहेर टेबलावरच्या व्यक्तीकडे बंद पाकिटात द्यावा, आणि समुपदेशकाला तो कधी दिसणार हे क्लायंटला आधी सांगावं. खोटं गुप्ततेचं आश्वासन नको. मात्र त्याच दिवशी बोलायचं असेल तर पाकीट चालत नाही. मग समोरच भरून घ्यावं लागतं, आणि कसं मागता यावर सगळं अवलंबून.

---

ताम्हण

बरोबर, आणि मागायची पद्धत शिकता येते. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. दाराशी उभं राहून भरलेल्या फॉर्मला ४० पैकी ४०च मिळतात. "कसं वाटलं?" विचारू नका, "छान" शिवाय उत्तर नाही. "आज काय बोलायचं राहून गेलं?", "घरी करायला सांगितलं त्यातलं कोणतं तुमच्या घरात चालणार नाही?" असं विचारा. टीका करायला सांगितलं की माणूस संकोचतो, राहिलेलं सांगायला सांगितलं की बोलतो.

एखाद्याने पहिल्यांदा ३४ दिले तर ती नात्यातली प्रगती समजा. खुलासे देत बसू नका. "हे सांगितलंत ते बरं झालं, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू", आणि खरोखर तिथूनच सुरू करा. एकदा जरी विसरलात तर पुढचे सगळे ४० येतील.

तसंच तुटण्याच्या खुणा फॉर्मबाहेर ओळखायला शिका. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्तोफर म्यूरन यांनी दोन प्रकार सांगितले आहेत: अंगावर येणं आणि मागे सरणं. अंगावर येणारा सहज कळतो. मागे सरणारा आपल्याकडे "हो ताई, बरोबर आहे ताई" म्हणतो. उत्तरं छोटी होतात, उदाहरणं थांबतात, "माझ्या सासूनं काल" ऐवजी "माणसं असतातच अशी" सुरू होतं, मग एक सेशन पाहुणे आले म्हणून चुकतं. त्यावेळी नवी तंत्रं काढू नका. थांबून म्हणा: "मला वाटतं मी मघाशी घाईनं सुचवलं. तुम्हाला ते पटलं नसेल तर मला ते ऐकायचंय." आपला वाटा आधी कबूल केला की समोरच्याला खरं बोलायला जागा मिळते.

---

मांडवीकाठ

सुपरव्हिजनबाबत भर घालते. गोव्याच्या त्याच कामात समुपदेशक एकमेकांची रेकॉर्ड केलेली सेशन गटात बसून ऐकत आणि ठरलेल्या स्केलवर गुण देत, तज्ज्ञांच्या गुणांशी ते ताडून पाहत. आपल्याला हे करायचं तर रेकॉर्डिंगला लेखी संमती, नको म्हटलं तरी उपचार मिळणार हे स्पष्ट सांगणं, आणि ऐकून झाल्यावर फाइल कधी पुसणार याची तारीख, एवढं आधी ठरवा. गुण प्रत्येकाने आधी स्वतंत्र लिहायचे, मग बोलायचं. आधी बोललं की सगळे सर्वांत ज्येष्ठ ताईंचे गुण लिहितात.

---

निशिगंध

उत्तम भर पडली. नवव्या प्रश्नाचं राहिलं होतं, मुद्दाम शेवटी घेते. मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार. याला ० सोडून काहीही आलं की एकूण बेरीज कितीही असो, त्या व्यक्तीला उठून जाऊ द्यायचं नाही. एकूण ६ आणि नववा २, असे फॉर्म "सौम्य" म्हणून फाइलीत गेलेले असतात. म्हणून फॉर्म हातात आल्यावर आधी खालून नजर टाका.

प्रश्न जोडलेला आहे, तेव्हा फोड करा. "देवानं न्यावं" असं वाटतं का? स्वतः काही करावं असं येतं का? कसं, हे ठरवलंय का? ते घरात आहे का? कधी? पूर्वी प्रयत्न झालाय का? कशामुळे थांबता? हे असंच, सरळ, या क्रमाने. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा कुठे आहे हे विचारलंच पाहिजे, आणि तो आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी कोण नेऊन ठेवणार त्याचं नाव लिहून घ्यायला पाहिजे. ठरवलेली योजना आणि साधन दोन्ही असेल तर एकटं पाठवू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी. टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर कागदावर लिहून न देता त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

ऑनलाइन फॉर्म पाठवणाऱ्या कॉलेजांना कळकळीची विनंती. शुक्रवारी रात्री भरलेला नववा प्रश्न सोमवारी कुणीतरी उघडून बघणार असेल, तर तो प्रश्न असलेला फॉर्म पाठवू नका. नववा वगळून आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ त्यासाठीच उपलब्ध आहे. कटऑफ तोच, १०.

---

कोरा_कागद

छापताना एक रकाना वाढवा: "खोलीत कोण कोण होतं". सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना भरलेला फॉर्म आणि एकटीने भरलेला फॉर्म यांची वजाबाकी करू नका. पहिल्या भेटीत कोणी उठायला तयार नसेल तर "आम्ही सगळ्यांशीच दहा मिनिटं एकट्यानं बोलतो, नंतर तुमच्याशीही बोलणार आहोत" म्हणा, आणि मग त्यांच्याशीही खरंच दहा मिनिटं बोला.